क्लॉपना परत बोलवायचं? आधी ते का गेले ते आठवा

लिव्हरपूल या इंग्लिश फुटबॉल क्लबच्या एका चाहत्याचा प्रश्न आलाय, क्लबचे जुने मॅनेजर युर्गन क्लॉप यांच्याबद्दल: "सर, लिव्हरपूल लागोपाठ दोन सामने हरलं की आमच्या ग्रुपमध्ये भांडण ठरलेलं. अर्धे म्हणतात क्लॉपना परत आणा, अर्धे म्हणतात गेलेल्या माणसाच्या दारात परत जायचं नसतं. एव्हर्टननं मॉइजना आणलं आणि जमलं की! परत आलेला मॅनेजर खरंच चालतो का?"

चालतो आणि आपटतोही. दोन्हीचे दाखले लिव्हरपूल या एकाच शहरात आहेत. अ‍ॅनफील्ड (लिव्हरपूलचं) आणि गुडिसन पार्क (एव्हर्टनचं जुनं) या दोन मैदानांच्या मध्ये एक बाग आहे, चालत पंधरा मिनिटांची वाट. या वाटेच्या दोन्ही बाजूंना जुन्या मॅनेजरला परत बोलावून झालंय, एका बाजूला तर तीनदा. मी कोल्हापुरात पंचवीसएक वर्षं पोरांना शिकवतोय आणि एकदा मी स्वतःही "परत आलेला कोच" होतो. त्यात माझी कशी फजिती झाली ते पुढे सांगतो. पण आधी मोठ्यांचं बघू.

तुम्ही लिव्हरपूलवाले, म्हणून केनी डॅल्ग्लिशपासून सुरू करतो. १९८५ मध्ये ते खेळाडू असतानाच मॅनेजर झाले. पहिल्याच हंगामात लीग आणि एफए कप दोन्ही, मग १९८८ आणि १९९० ची लीग. मधे १९८९ चा एप्रिल, हिल्सबरो मैदान. लिव्हरपूलच्या सामन्यातल्या चेंगराचेंगरीत गेलेल्या चाहत्यांचा आकडा पुढे ९७ वर गेला. डॅल्ग्लिश अंत्यसंस्कारांना जात राहिले, एका दिवशी तर चार ठिकाणी. वरून दगडासारखा दिसणारा माणूस आतून पोखरत गेला. २० फेब्रुवारी १९९१ ला गुडिसनवर एव्हर्टनबरोबर एफए कपचा सामना ४-४ सुटला. लिव्हरपूल चार वेळा पुढे गेलं, चारही वेळा एव्हर्टननं बरोबरी केली. दोन दिवसांनी डॅल्ग्लिशनी राजीनामा दिला. तेव्हाही संघ लीगमध्ये वरच होता. थकले होते ते.

वीस वर्षांनी, जानेवारी २०११ मध्ये, रॉय हॉजसनना काढून त्यांनाच परत बोलावलं. तोवर स्टँडमधून त्यांच्या नावाचा गजर सुरूच झाला होता. आता इथे नीट बघा, कारण सगळी गोम इथेच आहे. पहिले पाच महिने झकास गेले. बारावा असलेला संघ सहावा आला. मालक नवे, लोक चिडलेले, फर्नांडो टोरेसला पाच कोटी पाउंडांना चेल्सीनं उचललेला. अशा घरात सगळे ज्याचं ऐकतील असा एक वडीलधारा माणूस हवा होता, आणि ते काम डॅल्ग्लिशइतकं दुसऱ्या कुणाला जमलं नसतं. मग मे महिन्यात त्यांना तीन वर्षांचा करार दिला, आणि काम बदललं. आता बाजारात उतरून नवा संघ बांधायचा होता. त्याआधी अकरा वर्षं त्यांनी मॅनेजरकी केलेली नव्हती. साडेतीन कोटींचा अँडी कॅरल लीगच्या अख्ख्या हंगामात चार गोल करू शकला. स्टुअर्ट डाउनिंगच्या नावावर लीगमध्ये एकही गोल नाही. घरच्या १९ सामन्यांत फक्त ६ विजय. लीग कप जिंकला, एफए कपची फायनल गाठली, पण लीगमध्ये आठवा नंबर आला आणि मे २०१२ मध्ये नारळ मिळाला.

म्हणजे डॅल्ग्लिश फसले का? अर्धवट. बुद्धी तीच होती, माणूस तोच होता. एका कामासाठी बोलावलं आणि दुसरं काम गळ्यात घातलं. (२०११ च्या उन्हाळ्यात त्यांनी जॉर्डन हेंडरसनला घेतलं होतं, तेव्हा लोकांनी नाकं मुरडली होती. २०२० मध्ये लीग जिंकल्यावर कर्णधार म्हणून ट्रॉफी उचलली ती त्यानंच, आणि खेळाडूंच्या गळ्यात पदकं घालायला डॅल्ग्लिशच उभे होते. पण मॅनेजरचा हिशेब एवढी वाट बघत नाही.)

आता बागेच्या पलीकडे. हॉवर्ड केंडल एव्हर्टनमध्ये तीनदा आले. पहिल्या खेपेला १९८५ आणि १९८७ ची लीग, एफए कप, कप विनर्स कप. तो क्लबचा सोन्याचा काळ. आणि ते गेले का? १९८५ मध्ये ब्रुसेल्सच्या हेझेल स्टेडियमवरच्या दुर्घटनेनंतर इंग्लिश क्लबांवर युरोपात बंदी आली. लीग जिंकूनही एव्हर्टनला युरोपियन कप खेळता येईना. केंडल स्पेनला बिल्बावला निघून गेले. १९९० मध्ये मँचेस्टर सिटी सोडून परत आले तेव्हा म्हणाले, सिटी हे प्रेमप्रकरण होतं, एव्हर्टनशी लग्न झालंय. लोक हरखले. पण संसार चालवायला पैसा लागतो. डिसेंबर १९९३ मध्ये संचालकांनी डिऑन डब्लिन या स्ट्रायकरसाठी पैसे द्यायला नकार दिला, आणि सामना जिंकलेल्या दिवशीच केंडलनी राजीनामा ठेवला. १९९७ मध्ये तिसऱ्यांदा आले. तेव्हा शेवटच्या दिवशी कॉव्हेंट्रीशी १-१ बरोबरी करून, बोल्टनइतकेच ४० गुण असताना, फक्त गोलफरकावर क्लब खालच्या डिव्हिजनमध्ये जाता जाता वाचला. तोच माणूस, तेच मैदान, पण प्रत्येक खेपेला हातात आलेली सामग्री कमी कमी होत गेली.

म्हणून जानेवारी २०२५ मध्ये डेव्हिड मॉइजचं नाव आलं तेव्हा जुनेजाणते एव्हर्टनवाले नाराज होते, यात नवल नाही. शिवाय मॉइजनी पहिल्या अकरा वर्षांत एकही ट्रॉफी दिलेली नव्हती. चौथा नंबर एकदा, २००५ मध्ये, आणि २००९ ची एफए कप फायनल हरलेली. "परत तेच ते?" हा प्रश्न रास्तच होता.

मग चाललं कसं? माझ्या मते तीन गोष्टी जुळल्या. पहिली, मॉइज गेले होते ते भांडून किंवा दमून नव्हे. २०१३ मध्ये मँचेस्टर युनायटेडनं हाक मारली म्हणून गेले. एव्हर्टनमध्ये कुणाशी हिशेब बाकी नव्हता. दुसरी, मधल्या बारा वर्षांत माणसानं मार खाल्ला होता आणि शिकलाही होता. युनायटेडनं दहा महिन्यांत काढलं. वेस्ट हॅमनं २०१८ मध्ये करार वाढवला नाही, आणि त्याच वेस्ट हॅमनं २०१९ च्या डिसेंबरात परत बोलावलं. तिथे २०२३ मध्ये प्रागला फिओरेंटिनाला हरवून कॉन्फरन्स लीग जिंकली. म्हणजे परत येण्याचा अनुभवही गाठीशी होता! तिसरी आणि सगळ्यात महत्त्वाची, कामाचं माप अंगाला बरोबर बसत होतं. संघ सोळावा, खालच्या डिव्हिजनमध्ये घसरणाऱ्या तळाच्या तिघांपेक्षा फक्त एक गुण वर, मालक जेमतेम महिन्याभराचे नवे, आणि गुडिसनचा शेवटचा हंगाम. चेंडू सावरा, बचाव घट्ट करा, लोकांना शांत करा. हे तर मॉइजचं रोजचं काम.

एक दृश्य सांगतो. मॉइज येण्याच्या दोन दिवस आधी शॉन डाइशना काढलं, आणि त्याच संध्याकाळी पीटरबरोशी कपचा सामना होता. डगआउटमध्ये, म्हणजे मैदानाकडेच्या प्रशिक्षकांच्या जागी, उभे राहिले लेटन बेन्स आणि शेमस कोलमन. बेन्सना २००७ मध्ये मॉइजनीच आणलं होतं. कोलमनला २००९ मध्ये आयर्लंडच्या स्लायगो रोव्हर्सकडून अवघ्या साठ हजार पाउंडांत घेतलं होतं, तेही मॉइजनीच. म्हणजे साहेब यायच्या आधीच साहेबांची भाषा बोलणारी दोन माणसं घरात होती. अशा माणसांची किंमत बाहेरून कळत नाही. नवा कोच काय म्हणतोय याचा अर्थ पोरांना कोण सांगणार, हा पहिल्या महिन्याचा सगळ्यात मोठा प्रश्न असतो. पहिला सामना अ‍ॅस्टन व्हिलाशी हरले, दुसऱ्यात टॉटनहॅमला ३-२ हरवलं, आणि शेवटी ४८ गुणांसह तेरावा नंबर.

गंमत बघा, एव्हर्टनचे हे नवे मालक, फ्रीडकिन ग्रुप, रोमा क्लबचेही मालक आहेत. दोनच महिने आधी, नोव्हेंबर २०२४ मध्ये, त्यांनी रोमात क्लाउडिओ रानिएरींना बोलावलं होतं. वय ७३, रोमात जन्मलेले, आणि ही त्यांची तिसरी खेप. संघ बारावा होता, पाचवा आला. तिथेही काम "आग विझवा" एवढंच, आणि मुदतही हंगाम संपेपर्यंतचीच. एकाच मालकानं एका हिवाळ्यात दोनदा जुनं औषध काढलं आणि दोन्हीकडे गुण आला. यावरून "जुनं ते सोनं" असा निष्कर्ष काढायचा असेल तर चेल्सीकडे बघा. एप्रिल २०२३ मध्ये त्यांनीही फ्रँक लॅम्पार्डना हंगाम संपेपर्यंतच बोलावलं होतं. ११ सामने, १ विजय, ८ पराभव. लॅम्पार्ड गेले होते ते निकाल बिघडले म्हणून. तो दोष गेला होता का, हे विचारायला कुणी थांबलं नाही.

मधेच एक सावधगिरी. मॅनेजर काढतात ते बहुतेक वेळा संघ घसरल्यावरच. चार सामने दुर्दैवानं हरलेला संघ पुढचे चार तसाही थोडा बरा खेळतो. त्यामुळे कुणीही नवा आला की महिनाभर जादू दिसते. डिसेंबरात आलेल्या माणसाबद्दल जानेवारीत मत बनवू नका.

आता खुर्चीबद्दल. हा भाग आपल्याकडचे फॅन बहुतेक वेळा सोडून देतात. इंग्लंडात पूर्वी मॅनेजर म्हणजे सगळंच. खेळाडू तोच घेणार, तोच विकणार, पगारात तोंड घालणार, सराव घेणार. आता बहुतेक मोठ्या क्लबांत खरेदी-विक्री स्पोर्टिंग डायरेक्टर बघतो आणि मैदानावरचा माणूस "हेड कोच" असतो. जुना मॅनेजर परत येतो तेव्हा त्याची जुनी खुर्ची जागेवर असेलच असं नाही.

याचं सगळ्यात कडू उदाहरण न्यूकॅसलचं. केविन कीगन १९९२ मध्ये आले तेव्हा क्लब दुसऱ्या डिव्हिजनमध्ये गटांगळ्या खात होता. त्यांनी तो १९९५-९६ मध्ये लीगच्या शिखराजवळ नेला, बारा गुणांची आघाडी घेतली, आणि ती गमावली. तरी लोकांच्या गळ्यातले ताईत. जानेवारी २००८ मध्ये परत आले आणि थोड्याच दिवसांत वर डेनिस वाइज येऊन बसले, फुटबॉलचे कार्यकारी संचालक म्हणून. कीगनना वाटलं शेवटचा शब्द आपला. वरच्यांना वाटलं आपला. इग्नासिओ गोन्झालेस या खेळाडूला घ्यायचं ठरलं तेव्हा कीगनना सांगितलं गेलं, यूट्यूबवर बघून घ्या. सप्टेंबरात ते निघून गेले. वर्षभरानं लवादानं कीगनच्या बाजूनं निकाल देऊन वीस लाख पाउंड भरपाई दिली. तोवर न्यूकॅसल खालच्या डिव्हिजनमध्ये पोचलं होतं. लोकांनी १९९२ च्या कीगनना बोलावलं होतं, आणि त्यांना बसवलं २००८ च्या खुर्चीत.

याच्या उलट कार्लो आन्चेलोत्ती. २०१४ मध्ये रेआल माद्रिदला दहावा युरोपियन कप दिला, २०१५ मध्ये त्यांना काढलं. (२०२१ मध्ये माद्रिदनं परत बोलावलं तेव्हा ते होते एव्हर्टनमध्येच. बिचारं एव्हर्टन!) पण माद्रिदमध्ये मॅनेजरनं खरेदी ठरवायची पद्धत त्यांच्या पहिल्या खेपेलाही नव्हती, दुसऱ्या खेपेलाही नाही. खुर्ची तीच, अध्यक्ष तेच, मॉड्रिच, बेंझेमा, कार्वाहाल आतच. २०२२ आणि २०२४, दोन्हीदा लीग आणि चॅम्पियन्स लीग. २०२२ ची पॅरिसची फायनल लिव्हरपूलविरुद्धच होती, तुम्हाला आठवत असेलच. आठवण काढल्याबद्दल माफी.

जुनी माणसं घरात असणं नेहमीच भलं असतं असंही समजू नका. मार्चेल्लो लिप्पींनी २००६ मध्ये इटलीला विश्वचषक दिला, २००८ मध्ये परत आले, आणि २०१० ला जुन्याच शिलेदारांवर भिस्त ठेवली. पॅराग्वे आणि न्यूझीलंडशी बरोबरी, स्लोव्हाकियाशी हार, गटात शेवटचे. जगज्जेते दोन गुण घेऊन घरी. उपकार लक्षात ठेवणारा माणूस संघ निवडताना पंगू होतो.

आपल्या देशाचं उदाहरणही याच चौकटीत बसतं. स्टीफन कॉन्स्टंटाइन २००२ ते २००५ भारताचे प्रशिक्षक होते, आणि २०१५ मध्ये परत आले. मधे दहा वर्षं. बायचुंगचा भारत गेला होता, छेत्रीचा आला होता. त्यांनी जुनं काही शोधत न बसता नव्या पोरांना धडाधड संधी दिली. मार्च २०१५ मध्ये आपण फिफा क्रमवारीत १७३ वे होतो, जुलै २०१७ मध्ये ९६ वे. २०१९ च्या आशियाई चषकात थायलंडला ४-१ हरवलं, मग अमिरातीशी आणि बहारीनशी हरलो, बहारीनविरुद्ध तर शेवटच्या क्षणांतल्या पेनल्टीवर. त्याच रात्री त्यांनी राजीनामा दिला. त्यांच्या खेळावर टीका झाली, काही रास्तही होती. पण परत येऊन जुनीच कविता म्हणत बसणं त्यांनी टाळलं, हे मान्य करावं लागेल.

माझी कथा छोटी आहे. एका पेठेच्या संघाकडे मी चार हंगाम होतो. नाव सांगत नाही, सगळे ओळखीचे आहेत. बाहेरून कोणता खेळाडू आणायचा यावरून पदाधिकाऱ्यांशी वाजलं आणि मी सोडलं. सहा वर्षांनी संघ घसरला तेव्हा तीच माणसं घरी आली. "सर, तुमच्याशिवाय नाही." छाती फुगली, गेलो.

पहिल्या दिवशी सकाळी साडेसहाला सराव. माझ्या जुन्या संघात बचावफळीनं एकदम दहा पावलं पुढे सरकायचं असलं की मी ओरडायचो, "दार लाव!" सवयीनं ओरडलो. गोलकीपर जुना होता. तो टाळी वाजवत पट्कन पुढे आला. चारही बचावपटू मात्र वळून माझ्याकडे बघत उभे. एक नवा पोरगा तर खरोखरच मैदानाच्या फाटकाकडे बघायला लागला. आणि गोल मोकळा! पोरं हसली, मीही हसलो, पण घरी जाताना कळलं की सहा वर्षांपूर्वी हे दोन शब्द शिकवायला मला अख्खा पावसाळा लागला होता. या वेळी मला तीन आठवडे मिळणार होते. स्पर्धा सुरू झाल्यावर खेळाडूंवरून पुन्हा तेच भांडण, त्याच माणसांशी, जवळजवळ त्याच शब्दांत. हंगाम संपायच्या आत मी बाहेर.

चूक कुणाची? माझीही. मी का सोडलं होतं ते त्यांनीही काढलं नाही आणि मीही विचारलं नाही. हार घालून घेताना कोण विचारतो?

तर आता क्लॉप. २०१५ ते २०२४. २०१९ ची चॅम्पियन्स लीग, ९९ गुणांसह २०२० ची लीग. डॅल्ग्लिशच्या १९९० नंतरची पहिली. जानेवारी २०२४ मध्ये त्यांनी स्वतः सांगितलं की अंगातली ऊर्जा संपत चाललीय. कारण तेच जे १९९१ मध्ये डॅल्ग्लिशचं होतं, फक्त क्लॉपनी ते वेळेत ओळखलं आणि हंगाम संपवून, नीट निरोप घेऊन गेले. हे कारण मालक बदलून किंवा पैसे टाकून जात नाही. विश्रांतीनं जातं, आणि ते गेलं की नाही हे फक्त त्यांनाच ठाऊक. जानेवारी २०२५ पासून त्यांनी रेड बुलच्या फुटबॉल क्लबांवर देखरेखीचं काम धरलं, म्हणजे रोजच्या सरावापासून लांबचं.

आणि खुर्ची? क्लॉप "मॅनेजर" होते. त्यांच्या जागी आर्ने स्लॉट आले ते "हेड कोच" म्हणून, आणि पहिल्याच हंगामात लीग जिंकले. त्याच सुमारास मायकेल एडवर्ड्स मालकांच्या कंपनीत फुटबॉलचे प्रमुख म्हणून परत आले आणि रिचर्ड ह्यूज स्पोर्टिंग डायरेक्टर झाले. तुमच्या क्लबनं जुना माणूस आधीच परत आणलाय, फक्त तो डगआउटमध्ये दिसत नाही म्हणून कुणी मोजत नाही.

म्हणून माझं मत विचाराल तर, संघ मधल्या हंगामात बुडायला लागला, पाच महिन्यांसाठी घर सावरायचंय आणि क्लॉप स्वतः "येतो" म्हणाले, तर बोलवावं. डोळे झाकून. पण दोन सामने हरल्यावर, तीन वर्षांच्या करारानं, नवा संघ बांधायला? नको. तुमच्या ग्रुपमधल्या दुसऱ्या अर्ध्यांच्या बाजूला मी, पण त्यांच्या कारणासाठी नाही. गेलेल्या माणसाला बोलवायला काही हरकत नसते. फक्त तो का गेला होता, ते आधी विचारायचं असतं.

मागच्या वर्षी मला त्याच पेठेतून पुन्हा फोन आला होता. या वेळी शहाणपण दाखवून विचारलं, "बाहेरचे खेळाडू कोण ठरवणार?" पलीकडून उत्तर आलं, "ते काय सर, आपण बसून बघू की." "बघू की" म्हणजे काय ते कोल्हापूरकराला सांगावं लागत नाही. मी चौदा वर्षांखालच्या पोरांकडेच राहिलो. त्यांना "दार लाव" आता झोपेतसुद्धा येतं.